उजव्या गालात खिळे, डाव्या गालात तंबाखू

आमच्या सोफ्याच्या कारखान्यात त्यांना सगळे मुके मिस्त्री म्हणतात. माणूस मुका नाही. चहाच्या सुट्टीत तर दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. पण कामाला बसले की तोंडात खिळे, आणि खिळे तोंडात असले की एक अक्षर बाहेर पडणार नाही. मालकांनी हाक मारली तर मान हलवणार, कुणी भेटायला आलं तर भुवई उडवणार. एकदा माझ्या डोक्यावरचा पंखा कडीतून निसटायला लागला. माझं लक्ष शिवणात. समोर बसलेल्या मिस्त्रींना दिसलं. दुसरा कुणी ओरडला असता. यांनी हातोडी फेकली. ती माझ्या मशीनच्या चाकावर आपटली, मी किंचाळून मागे सरकले आणि पंखा माझ्या रिकाम्या स्टुलावर पडला. मी त्यांना शिव्या घालत होते आणि हे गृहस्थ ओंजळीत एकेक खिळा काढून मोजत होते.

"सगळे आहेत," ते म्हणाले. "एकही गिळला नाही."

मी जिवंत आहे की नाही ते त्यांनी नंतर विचारलं.

तोंडात खिळे कशाला, असं नवा माणूस विचारतो. सोफ्याचा लाकडी सांगाडा तयार झाला की त्यावर पट्टे, स्प्रिंगा, फोम आणि शेवटी कापड. कापड एका हाताने ताणून धरावं लागतं, कडा दुमडावी लागते, आणि तेवढ्यात दुसऱ्या हाताने खिळा मारायचा. मग खिळा धरणार कोण? म्हणून तोंड. बारीक खिळ्यांची मूठ तोंडात टाकायची, जिभेने एकेक सुटा करून टोपीकडून ओठांत आणायचा. हातोडीच्या एका टोकाला चुंबक असतं, ते ओठांना टेकवलं की खिळा चिकटून येतो. एक हलका टोला, खिळा उभा राहिला. हातोडी उलटी करून दुसऱ्या टोकाने पक्का केला. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत मिस्त्रींचे चार खिळे होतात. तसे खिळे मारणारे पूर्वी आमच्या गल्लीत पंधरा-वीस जण होते. आता हे एकटे.

त्यांच्या तोंडाला जखमा व्हायच्याच. कधी हिरडीला टोचलं, कधी जिभेला. या कामातले लोक त्याला 'खिळ्याचा चावा' म्हणतात. मिठाच्या पाण्याच्या दोन गुळण्या केल्या की संपलं. डॉक्टरकडे त्यासाठी कुणी जात नाही. तसं कुणी गेलंच तर बाकीचे हसतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खिळे आणि सिगारेट एका वेळी तोंडात राहू शकत नाहीत. त्यामुळे तोंडातले खिळे संपले की सिगारेट, ती संपली की पुन्हा खिळे, असं मिस्त्रींचं तीस वर्षं चालू होतं. एका खुर्चीला दोन सिगारेटी, तिघांच्या सोफ्याला पाच. किती काम झालं ते त्यांच्या पायाशी पडलेल्या थोटकांवरून कळायचं. सकाळी आले की पहिली दहा मिनिटं नुसता खोकला. घरी मुलगी बाळंत होऊन आली तेव्हा तिने दारातच नियम घातला, "बाबा, आधी हात धुवा, शर्ट बदला, चूळ भरा, मग तिला घ्या." नात हातात येईपर्यंत झोपून गेलेली असायची.

मग शेजारच्या कारखान्याला आग लागली.

भरदुपारी. कुणीतरी पेटतं थोटूक फोमच्या कतरणांत टाकलं. फोम लाकडासारखा पेटत नाही, तो वितळत धावतो, आणि धूर असा की दार समोर असून दिसत नाही. माणसं वाचली. पण कापड कापणाऱ्याचे दोन्ही हात भाजले, त्याने त्यानंतर कात्री धरलेली नाही. मी त्याला बघून आले आणि रान उठवलं. कामगारांची संघटना म्हणजे तेव्हा मी, एक वही आणि माझा आवाज. शाळा मी पाहिली ती बाहेरून. कायदे मी रद्दीतल्या कागदांवर वाचत शिकले. पण भांडायचं कसं ते मला कुणी शिकवावं लागलं नाही.

मालक म्हणाले, "बाई, हे लोक सिगारेट सोडणार नाहीत. मी काय प्रत्येकामागे पोलीस उभा करू?"

"पोलीस नको, सुट्टी द्या," मी म्हटलं. "दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटं. मागच्या दाराने बाहेर, भिंतीपलीकडे. ज्याला ओढायची त्याने तिथे ओढावी."

तीन आठवडे वाद चालला. दोनदा मला फाटकाबाहेर काढलं, दोनदा मी परत आत आले. शेवटी लिहून घेतलं, सही घेतली. आत मोठा बोर्ड लागला. त्यावरचे शब्द माझे: 'आत धूर नाही, जिवाला घोर नाही.' मी तो बोर्ड येता-जाता वाचायची आणि दर वेळी मला तो आवडायचा.

मिस्त्रींना मात्र तो बाधला. ज्याची खुर्चीच दोन सिगारेटींची, त्याला अख्ख्या दिवसात तीन. दुसऱ्याच दिवशी त्यांचे हात कापायला लागले. ओठांतून खिळे सुटून फरशीवर पडायला लागले, टिक, टिक. तिसऱ्या दिवशी त्यांनी हातोडी माझ्या मशीनवर ठेवली.

"पुढारीणबाई, तुमचा बोर्ड तुम्हाला लखलाभ. मी चाललो."

"कुठे चाललात? या वयात कोण घेणार तुम्हाला?"

"जिथे बोर्ड नसेल तिथे."

संध्याकाळी मी सगळ्यांना थांबवून घेतलं आणि स्टुलावर चढले. पॉलिश करणारा माणूस मागून ओरडला, "बाई, ज्याला राहवतच नाही त्याने काय करावं तेही सांगा ना!" मी क्षणभरही विचार केला नाही. माझा भाऊ गोल डबीतली तंबाखू वापरायचा. चिमूटभर घ्यायची, गालात नाहीतर ओठाखाली दाबून ठेवायची. पेटवायचं काही नाही. मी म्हटलं, "डबी ठेवा! धूर नाही, आग नाही, शेजाऱ्याला त्रास नाही, घरच्या लेकराला त्रास नाही. कुणाच्या बापाची भीती नाही!"

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणसाला वाटतं आपण खरं बोललो.

मिस्त्री गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला लांबूनच खिशातली डबी दाखवली. उजव्या गालात खिळे, डाव्या गालात तंबाखू. पहिले चार दिवस थुंकायला रिकामा डबा शेजारी घेऊन बसले, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. मग सवय झाली. खिळा पुन्हा ओठांत नीट उभा राहायला लागला.

आणि मी खोटं लिहिणार नाही, पुढची काही वर्षं चांगली गेली. खोकला गेला. वरच्या गोदामातून स्प्रिंगांची पोती ते स्वतः खाली आणायला लागले. नात धावत यायची आणि हे तसेच तिला उचलायचे. त्यांच्या बायकोने, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, माझा हात हातात घेतला होता. "तुमचे उपकार आहेत बाई. एवढ्या वर्षांनी नवऱ्याच्या अंगाला साबणाचा वास येतो." छातीचं जे भलं झालं ते झालंच. सिगारेटपेक्षा डबी बरी, असं मिस्त्री भेटेल त्याला सांगायचे. आणि शेवटी जोडायचे, "आमच्या बाईंनी सांगितलं."

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. सिगारेट विझते. ती संपली की दुसरी पेटवेपर्यंत तोंडाला उसंत असते. गालातली तंबाखू विझत नाही. मिस्त्री सकाळी डबी उघडायचे ते थेट रात्री झोपेपर्यंत. वहिनींनी नंतर सांगितलं, झोपेतही गाल फुगलेला असायचा. बाहेर जायची गरजच राहिली नाही, म्हणून ते सुट्टीत बाहेर जाईनात. बाकीच्यांच्याही खिशात डब्या आल्या, तेही जाईनात. मालक खूश, "बघा बाई, तुमच्या माणसांना सुट्टी नकोच आहे!" मागच्या दारासमोर कुणीतरी फोमचे गुंडाळे रचले. मी तीन आठवडे भांडून मिळवलेली दहा मिनिटं अशी आपोआप मेली, आणि मी तिथेच समोर बसून कव्हरं शिवत होते.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. दरवर्षी कामगारांच्या तपासणीसाठी आरोग्य खात्याचे लोक येतात. मिस्त्रींना लिहिण्याचा कंटाळा, म्हणून त्यांचा फॉर्म मी भरायची. 'धूम्रपान करता का?' मी ठळक अक्षरात लिहायची, नाही. अभिमानाने लिहायची. खाली असायचं, 'इतर सवयी'. तिथे मी रेघ मारायची. सलग सहा वर्षं मी रेघ मारली. डबी ही सवय आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या लेखी तो उपाय होता.

गेल्या वर्षी मिस्त्री गुळण्या करायला लागले. रोज, चहाच्या आधी, नळाशी उभं राहून. मी विचारलं, "काय झालं?"

"काय होणार? खिळ्याचा चावा."

खिळ्याचा चावा दोन दिवसांत जातो. हा जाईना. पंधरा दिवस झाले, महिना झाला, चार महिने झाले. तिखट सोडलं, मग गरम सोडलं. चहा बशीत ओतून, गार करून प्यायला लागले. बोलणं कमी झालं. चहाच्या सुट्टीतही मुके मिस्त्री मुके राहायला लागले, आणि आम्ही मूर्ख लोक हसत होतो की आता नाव शोभतं.

त्याच सुमारास मालकांनी पिना मारायची बंदूक आणली. हवेवर चालते, खटका दाबला की पीन बसली. मिस्त्रींनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि खाली ठेवली. "हिने खोकी ठोका," म्हणाले. "हिच्या सोफ्यावर बसणारा माणूस उठेपर्यंत टिकला तर बघा." सगळे हसले. पण ती बंदूक त्यांच्याच कामाच्या पाटावर ठेवलेली होती, आणि रोज सकाळी ते ती उचलून खिडकीत ठेवायचे, हे मी पाहत होते. तोंड चालेनासं झालं तर आपली जागा कोण घेणार, ते त्यांना दिसत होतं. म्हणून जखमेचं नाव बदलायला ते तयार नव्हते. खिळ्याचा चावा म्हटलं की ती कामाची जखम. ती बरी होते.

एका दुपारी ते नळाशी बोट घालून गाल आतून चाचपत होते. मी समोरच होते, तरी मला ते दिसायला चार महिने लागले. मी शिवण थांबवलं.

"मिस्त्री, तुम्ही खिळे कुठल्या गालात ठेवता?"

"उजव्या. अकरा वर्षं समोर बसून तुम्हाला एवढंही माहीत नाही?"

"माहीत आहे म्हणूनच विचारते. मग खिळ्याने डाव्या गालाला चावा कसा घेतला?"

त्यांनी बोट बाहेर काढलं. पाणी तसंच वाहत राहिलं.

"एखादा जात असेल तिकडे."

"तुमचा? रस्ता चुकून?"

"बाई, तुम्ही कव्हरं शिवा," ते म्हणाले. "मागच्या कव्हरची शिवण तिरकी होती." आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं ते जगात दुसरं कुणी करणार नाही. त्यांनी खिळे डाव्या गालात घेतले. जखम डावीकडे आहे ना, मग खिळेही डावीकडे. आता कुणी विचारलं तर उत्तर तयार! तंबाखू उजवीकडे गेली. तीस-पस्तीस वर्षांची सवय मोडून ते उलट्या गालाने काम करायला लागले. खिळे अडखळत होते, डोळ्यांत पाणी येत होतं, आणि हा माणूस माझ्याकडे बघून भुवई उडवत होता. जणू काही सिद्ध झालं. मी संतापाने सुई मोडली. भांडले असते. पण ज्याच्या तोंडात जखमेवर खिळे आहेत त्याच्याशी भांडायचं कसं?

तिसऱ्या दिवशी पाटावर एक मोठी खुर्ची होती. सायीच्या रंगाचं कापड, महाग, एक डाग खपणार नाही असं. मिस्त्रींच्या हातून कापडाला डाग लागल्याचं कुणी पाहिलेलं नाही. पाठीची कडा संपत आली होती. त्यांनी हातोडी ओठांना लावली, खिळा आला, आणि खिळ्याबरोबर रक्ताचा थेंब आला. तो बरोबर पाठीच्या मधोमध पडला.

त्यांनी हातोडी खाली ठेवली. डबा ओढला आणि सगळे खिळे त्यात काढले. या वेळी मोजले नाहीत. मी उठून जवळ गेले.

"पुढारीणबाई, हे कापड बदलावं लागेल."

"बदलू."

"दुसरं कापड मिळेल का याच रंगाचं?"

"मिळेल."

मग ते म्हणाले, "तोंडाचे डॉक्टर कुठे बसतात?"

आम्ही तिघं गेलो. मिस्त्री, वहिनी आणि मी. डॉक्टर तरुण होती, बोलायला मोकळी. दिवा ओढून घेतला, आरसा हातात घेतला.

"काका, सिगारेट ओढता?"

मिस्त्रींनी छाती पुढे काढली. "सहा वर्षं झाली. एकही नाही! विचारा हिला."

"शाब्बास. आ करा." तिने चिमट्याने गालातून काहीतरी काढून कापसावर ठेवलं. तंबाखूची काडी. "आणि ही?"

"ही सिगारेट नाही."

"तंबाखू आहे ना?"

मिस्त्रींनी डॉक्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागाने नाही. शाळेतला पोरगा गुरुजींनीच सांगितलेलं उत्तर चुकलं की जसा गुरुजींकडे बघतो, तसं. "बाईंनी सांगितलं होतं," ते म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. मला आयुष्यात फाटकाबाहेर काढलंय, खोटारडी म्हटलंय, एकदा अंगावर पाणी ओतलंय. त्या वेळी मी कधी मान खाली घातली नाही. तिथे घातली.

डॉक्टर म्हणाली, "धूर नसला म्हणजे बिनधोक असं नाही, काका. छातीवरचा भार कमी झाला असेल, ते मी नाकारत नाही. पण तुम्ही विष फुप्फुसातून उचलून गालात आणून ठेवलंत, आणि दिवसभर तिथेच ठेवलंत. हा पांढरा चट्टा बघा. याचा तुकडा तपासायला पाठवते. दहा दिवस लागतील. तोवर डबी नाही, सिगारेट नाही, आणि खिळेही नाहीत."

"खिळेही?"

"खिळे आधी."

डबी त्यांनी तिथेच वहिनींच्या हातात दिली. ते दहा दिवस मी विसरणार नाही. मिस्त्री कामावर आले, कारण घरी बसून करणार काय? तोंड रिकामं, हातात बंदूक. तिचा खटका दाबताना दर वेळी डोळे मिटायचे. आणि तोंड रिकामं असल्याने ते बोलायला लागले. शिवण तिरकी आहे, कापड उलटं धरलंत, एवढा दोरा कशाला, मशीनला तेल घाला. अकरा वर्षं खिळ्यांनी मला या माणसापासून वाचवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी उलट बोलले नाही. माझ्या घरच्यांना हे सांगितलं तर विश्वास ठेवायचे नाहीत.

सातव्या दिवशी ते म्हणाले, "बाई, समजा गाल कापला. जीभ कापली. मग मी खिळा धरू कुठे?"

"बंदूक आहे ना," मी म्हटलं, आणि जीभ चावली.

"बंदूक आहे," ते म्हणाले. "बंदूक असली की मिस्त्री कशाला? बटण दाबायला तुम्हीही पुरे." मग हसले. "नाही, तुमची पीनही तिरकीच जाईल."

दहाव्या दिवशी डॉक्टरने कागद वाचला. कॅन्सर नव्हता. वहिनींचा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टर हसली नाही. "पेशी बदलायला लागल्यात. त्या वाटेला लागल्यात असं समजा. चट्टा काढून टाकू. दर तीन महिन्यांनी यायचं, कंटाळा करायचा नाही. तंबाखू पूर्ण बंद, धुराची नाही आणि बिनधुराची नाही. काका, अजून वर्षभर गुळण्या करत बसला असतात तर मी आज वेगळं काही सांगत असते."

चट्टा काढला. आठवडाभर मिस्त्री गार पेजेसारखं पातळ जेवण आणि नातीच्या गोष्टी यांवर राहिले. त्या आठवड्यात मी एक काम करायचं ठरवलं. संध्याकाळी सगळे गेले की बोर्डावर रंग फिरवायचा. गुपचूप. रंग आणला, ब्रश आणला, सगळे जायची वाट बघत बसले. तेवढ्यात दारात मिस्त्री. गाल सुजलेला, हातात कामाची पिशवी, उद्यापासून येणार म्हणून पाट बघायला आलेले.

"काय चाललंय?"

"बोर्ड बदलते."

"लपून?"

मी ब्रश पाठीमागे नेला.

"स्टुलावर चढून सांगितलं होतंत ना?" ते म्हणाले. बोलताना दुखत होतं, तरी एकेक शब्द सुटा काढत होते, ओठांत खिळा आणावा तसा. "मग स्टुलावर चढूनच मागे घ्या."

मला राग आला. खरंच आला. मी या लोकांसाठी काय काय केलं, ते सगळं जिभेवर आलं. मग मला सहा वर्षांच्या सहा रेघा आठवल्या. रंगाचा डबा मी बंद केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्टुलावर चढले. म्हटलं, सहा वर्षांपूर्वी मी इथे उभी राहून तुम्हाला डबी घ्यायला सांगितली. मी न विचारता, न वाचता सांगितलं. मला आग दिसत होती, बाकी काही दिसत नव्हतं. आग थांबवली ते बरोबर केलं. डबी सांगितली ते चुकलं. पाठ केलेलं भाषण नव्हतं, त्यामुळे एवढ्यावर संपलं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

पॉलिशवाला मागून म्हणाला, "म्हणजे आता परत सिगारेट ओढायची का? एकदा काय ते ठरवा तरी!"

मी तोंड उघडायच्या आधी मिस्त्री उठले. "मला विचार. दोन्ही मी केलंय. सिगारेट ओढायचो तेव्हा जिना चढता येत नव्हता. डबी घेतली तर घास चावता येईना. यातलं कुठलं बरं ते मला विचारतोस? चालत्या गाडीतून कुठल्या दाराने उडी मारू असं विचारतोयस. अरे, गाडी थांबव!" मग बोटाने ओठ बाजूला ओढला. "या, बघून घ्या. रांग लावा. फुकट आहे."

रांग लागली. गल्लीतल्या इतर कारखान्यांतले लोकही आले. कुणी बघून तोंड फिरवलं, कुणी 'एवढंसंच तर आहे' म्हणालं. तिघांनी डब्या माझ्या मशीनवर ठेवल्या. त्यातल्या एकाने पुढच्याच आठवड्यात सिगारेट पुन्हा धरली, मी त्याला भिंतीपलीकडे पाहिलं. पॉलिशवाल्याने काहीच ठेवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी येऊन हळूच विचारलं, ती डॉक्टर सकाळी असते की संध्याकाळी. मी पत्ता लिहून दिला. यंदाचा फॉर्म आला तेव्हा 'इतर सवयी' समोर मी सगळ्यांचं खरं लिहिलं, आणि मिस्त्रींच्या नावापुढे जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूला लिहिलं.

खिळे तोंडात घ्यायला डॉक्टरने अजून परवानगी दिलेली नाही. मिस्त्री मनगटाला चुंबकाची पट्टी बांधतात, खिळे तिच्यावर चिकटवतात आणि हातोडी तिथे टेकवतात. वेग निम्म्यावर आलाय. मालक उभे राहून बघतात, पण काही बोलत नाहीत, कारण मी त्यांच्याकडे बघत असते. बंदूक खिडकीतच आहे. तीन महिन्यांनी एकदा दाखवून झालं, चट्टा परत आलेला नाही. दुसरी खेप परवा आहे. वहिनी कालपासून नीट जेवलेल्या नाहीत.

मागच्या दारासमोरचे फोमचे गुंडाळे मी स्वतः हलवले. सुट्टी झाली की मिस्त्री बाहेर जातात. भिंतीपलीकडे उभे राहतात, हातात काही नाही, तोंडात काही नाही. पहिल्या दिवशी मीही गेले.

"पुढारीणबाई, इथे दहा मिनिटं करायचं काय हो?"

"काही नाही."

"काही नाही ते कसं करतात?"

"मला काय माहीत? मीही कधी केलेलं नाही."

ते भिंतीला टेकले. जिभेने गाल आतून एकदा चाचपला, मला ते बाहेरून दिसलं. मग हात खिशात गेला, डबीच्या खिशात, आणि रिकामाच बाहेर आला.

"पाच झाली असतील," ते म्हणाले.

"दोन."

"दोनच?"

तरी घंटा होईपर्यंत ते आत गेले नाहीत.